कोयता, उचल आणि शाळेचा दाखला

ऊसतोडीतलं गरीब घर मुलांच्या शिक्षणाने वर कसं येतं, ते बघायचं आहे. आधी एका कोयत्याचा हिशेब मांडू, मग शाळेकडे वळू.

ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव या पट्ट्यातल्या जोड्या दसरा-दिवाळीच्या सुमारास घर सोडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर नाहीतर थेट कर्नाटकातल्या कारखान्यांचा ऊस तोडतात. निघायच्या किती तरी आधी, पावसाळ्यातच, टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. जोडीमागे लाख रुपये ही रक्कम आता कुणाला नवलाची वाटत नाही.

तोडणीचा दर जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्क्यांनी वाढला आणि टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरा. दोघांचे मिळून ७३२ रुपये. हंगाम १०० दिवस चालला तर ७३,२०० रुपये. यातून दर आठवड्याला मुकादम किराण्यासाठी खर्ची देतो. ती आठवड्याला १,५०० धरली तर १४ आठवड्यांचे २१,००० झाले. म्हणजे उचलीतून फिटले ५२,२०० आणि लाखातले ४७,८०० अंगावर राहिले. ताप आला, पाऊस झाला, बाळंतपण आलं की खाडा पडतो. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर मुकादम खाड्याचे पैसेही लावतो. वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, जनावरांसाठी विकून थोडी वरकड मिळते, ती मीठमिरचीत जाते. ही ४७,८०० ची बाकी म्हणजे पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाच्या टोळीत जाण्याचा लेखी नसलेला करार.

आकडे टोळीनुसार बदलतील. कुणाची जोडी तीन टन तोडते, कुणाचा हंगाम १३० दिवस चालतो. पण बाकी उरण्याची तऱ्हा तीच. मुलांच्या शिक्षणाने गरीब घर वर येतं असं सगळेच म्हणतात. ते नेमकं कसं, हे बघायचं असेल तर शिक्षण या बाकीला कुठे आणि कधी हात घालतं ते बघावं लागतं.

मूल शाळेतून का उठतं

"पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही" हे वाक्य शाळेच्या खोलीत बसून बोलायला सोपं आहे. फडावर, म्हणजे ऊस तुटतो त्या शेतात, बघितलं तर कारणं वेगळीच दिसतात, आणि ती बहुतेक वेळा हिशेबाची असतात.

सगळ्यात मोठं कारण झोळीत असतं. आई पहाटे चार-पाचला फडात जाते. सहा महिन्यांचं तान्हं कोपीजवळ (उसाच्या वाळक्या पाचटाची झोपडी), झाडाला बांधलेल्या झोळीत. त्याला कोण बघणार? नऊ-दहा वर्षांची मोठी बहीण. तिची शाळा चौथीत किंवा पाचवीत सुटते ती यापायी. तिच्यासाठी वह्या, दप्तर, गणवेश कितीही दिले तरी झोळी हलवायला दुसरं माणूस मिळेपर्यंत ती जागची हलणार नाही. म्हणून फडाजवळची अंगणवाडी किंवा पाळणाघर ही लहान बाळाची सोय वाटते, पण प्रत्यक्षात ती पाचवीतल्या मुलीची शाळा असते. याचा विचार शिक्षण खात्याच्या कागदांत कमी आणि महिला-बालकल्याणच्या कागदांत थोडाफार होतो. दोन्ही कागद एका टेबलावर क्वचितच येतात.

दुसरं कारण म्हणजे मागे ठेवायचं कुणाकडे. आजी असेल आणि तिला दिसत-ऐकू येत असेल तर नातवंडं गावात राहतात. आजी नसेल किंवा तीच वाढं गोळा करायला सोबत गेली असेल तर मूलही निघतं. मुलगी बारा-तेराची झाली की आजी असूनही तिला मागे ठेवायला आईबाप धजावत नाहीत. रात्री ती कुणाच्या भरवशावर राहणार, हा त्यांचा प्रश्न खरा आहे.

तिसरं कारण मुलाच्या हाताचं. आठ-दहा वर्षांचं पोर मोळ्या बांधायला वाढं पुरवतं, पाणी आणतं, बैलांकडे बघतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी हातात कोयता येतो. त्याची मजुरी वेगळी लिहिली जात नाही, आईबापाच्या टनात मिसळते. तो शाळेत बसला तर घराचं टनेज तेवढं घटतं. शाळा फुकट असली तरी गरीब घराला ती अशी महाग पडते.

पाच महिन्यांत काय बुडतं

शाळा जूनच्या मध्याला भरते आणि एप्रिलअखेर संपते. नोव्हेंबर ते मार्च गेले म्हणजे निम्मं वर्ष गेलं. दुसरी, तिसरी, चौथी असं तीनदा झालं तर मूल पाचवीत बसतं तेव्हा त्याची दीड वर्षाची शाळा झालेलीच नसते. हजेरीपटावर मात्र ते पाचवीत असतं.

भाषेत हे तितकं उघडं पडत नाही, कारण मूल मराठी बोलतंच. गणितात लगेच पडतं. हातच्याची वजाबाकी तिसरीच्या आसपास दुसऱ्या सत्रात पक्की होते. ती सुटली की भागाकार सुटतो, भागाकार सुटला की अपूर्णांक, आणि अपूर्णांक सुटले की आठवीचं बीजगणित म्हणजे नुसती अक्षरं. एक वीट निसटली तर वरची भिंत उभी राहत नाही, तशातला प्रकार. त्यामुळे "परत आलं की बसेल वर्गात" हे गणिताच्या बाबतीत होत नाही.

ही गोष्ट फक्त ऊसतोडीच्या मुलांची नाही. देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांनाच दुसरीचा धडा सरळ वाचता येतो, असं शिक्षणाची पातळी मोजणाऱ्या 'असर'च्या पाहण्या वर्षानुवर्षं सांगत आल्या आहेत. स्थलांतरित मुलाचा खड्डा त्याहून खोल असतो, इतकंच.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. दुसरीच्या पुस्तकातला सात-आठ ओळींचा परिच्छेद वाचायला द्या. मग ५२ वजा २७ सारखं हातच्याचं एक गणित, आणि ते जमलं तर ८७४ भागिले ६ सारखा एक भागाकार. मूल जिथे अडलं तिथून सुरुवात करायची, मग ते पाचवीत असो की सातवीत. दिवसातला एक-दीड तास इयत्ता विसरून पातळीप्रमाणे गट पाडायचे: अक्षर गट, शब्द गट, परिच्छेद गट. ही पद्धत 'प्रथम' या संस्थेने भारतात रुजवली, तिच्या काटेकोर चाचण्या झाल्या आणि ती लागू पडते हे दिसलं. फसते कुठे? बाईंना अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, दोन वर्गांना मिळून शिक्षक एक असतो, आणि पातळीचा तास आधी आठवड्यातून तीनदा, मग एकदा, मग "वेळ मिळाला तर" असा आकसत जातो. आणखी एक गोम अशी की फडावरून परतलेल्या मुलांसाठी हा तास एप्रिलमध्ये सगळ्यात जास्त लागतो, आणि नेमक्या तेव्हाच शाळा परीक्षेत आणि निकालपत्रकांत बुडालेली असते.

पूर्वी आठवीपर्यंत कुणालाच नापास करत नसत, त्यामुळे हा खड्डा नववीत एकदम दिसायचा. राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, आणि तीतही न जमल्यास त्याच वर्गात. आमच्या मते, पाच-सहा महिने बाहेर असलेल्या मुलाला आधी शिकवायची सोय न करता हा नियम लावणं म्हणजे त्याला शाळेबाहेरचं दार दाखवणं आहे.

मागे ठेवायचं असेल तर

गरीब मुलाला शाळेआधी राहायची आणि जेवायची सोय लागते, हे महाराष्ट्राला नवं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पण त्याच्या सोळा वर्षं आधी, १९०१ मध्ये, त्यांनी बोर्डिंग सुरू करून दिलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली तीही वसतिगृहांच्या जोरावर वाढली. क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

आजचं त्याचं छोटं रूप म्हणजे हंगामी वसतिगृह. नावावरून इमारत डोळ्यासमोर येते, तसं काही नसतं. मूल गावातच, आजीकडे किंवा चुलत्याकडे झोपतं. शाळा व्यवस्थापन समिती सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय करते आणि दुपारी शालेय पोषण आहार असतोच. पोषण आहाराचं माप ठरलेलं आहे: पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ३० ग्रॅम आणि ७५ ग्रॅम. घरात दोन वेळच्या भाकरीची ओढाताण असेल तर आजीला नातवंड ठेवून घेणं यामुळेच परवडतं.

काम वेळेत व्हायचं तर ते ऑगस्टमध्ये सुरू व्हावं लागतं. कोणत्या घरात उचल आली हे गावात सगळ्यांना माहीत असतं. मुख्याध्यापकांनी त्या घरांची यादी करायची, प्रत्येक मुलापुढे तीनच रकाने: कुणाकडे राहणार, पाठीवर तान्हं भावंड आहे का, यंदा कितवी. मग समितीची बैठक, ठराव, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव. सप्टेंबरअखेर मंजुरी हातात असेल तर दसऱ्याला आईबाप मूल ठेवून निघतात.

बिघाड होतो तो तारखांमध्ये. मंजुरी नोव्हेंबरच्या मध्यावर येते, तोवर ट्रॅक्टर निघून गेलेला असतो आणि मूल त्याच्या ट्रॉलीत. मग मंजूर पटसंख्या भरायची म्हणून गावातच राहणारी मुलं यादीत येतात. कागदावर वसतिगृह चालतं, बाहेर गेलेलं मूल मात्र बाहेरच राहतं. दुसरा बिघाड पैशाचा. स्वयंपाकाचा किराणा उधारीवर चालतो, बिल उशिरा निघतं, दुकानदार हात आखडतो आणि जानेवारीत संध्याकाळचं जेवण पातळ होत जातं. मूल मग एखाद्या रविवारी मामाबरोबर फडावर निघून जातं.

मोठ्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये संत भगवान बाबा शासकीय वसतिगृह योजना जाहीर झाली: ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, मुलांसाठी वेगळं आणि मुलींसाठी वेगळं. तेरा वर्षांच्या मुलीला मागे ठेवायला आईबाप घाबरतात, त्या भीतीवर खरं उत्तर हेच आहे. कुलूप असलेलं दार, बाई अधीक्षक आणि रात्रीचं जेवण.

मूल सोबत गेलंच तर

निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक घ्या. त्यात मुलाचं नाव, इयत्ता आणि त्याला काय येतं याची नोंद असते. जिथे कोपी पडेल तिथल्या जवळच्या जिल्हा परिषद शाळेत ते दाखवायचं. पत्रक हरवलं तरी प्रवेश नाकारता येत नाही. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्यानुसार दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नसला म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. मुकादमाला हे पटवून सांगा. टोळी जिथे थांबते तिथल्या शाळेचा रस्ता त्याला आणि तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयलाच ठाऊक असतो.

तरीही हा उपाय लंगडा आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. फड संपला की टोळी हलते, कधी तीन आठवड्यांत, कधी दहा दिवसांत. नवी शाळा चार किलोमीटरवर. कर्नाटकात गेलं तर शाळा कन्नड. आणि कुठेही गेलं तरी वर्गातली मुलं "ऊसतोड्याचं पोर" म्हणून वेगळं बसवतात. त्यामुळे मागे ठेवणं शक्य असेल तर तेच करावं. हमी पत्रक ही दुसऱ्या क्रमांकाची सोय.

पैसा कधी दिसायला लागतो

जगभरच्या अभ्यासांची सरासरी काढली तर शाळेचं एक जादा वर्ष माणसाची कमाई सुमारे ९ टक्क्यांनी वाढवतं, असं दिसतं. इंडोनेशियाने १९७३ ते १९७८ दरम्यान ६१ हजारांवर प्राथमिक शाळा बांधल्या. जिथे शाळा जास्त झाल्या तिथली मुलं जास्त शिकली आणि मोठेपणी त्यांची मजुरीही जास्त निघाली. हे खरं, पण ही सरासरी आहे. आपल्याकडे पाचवी किंवा सातवी झालेल्या माणसाला ऊसतोडीत टनाला एक रुपयाही जास्त मिळत नाही. कमाईची उडी दहावी-बारावीनंतर, हातात काही कसब आलं की लागते. म्हणजे दहा-बारा वर्षं घर खर्च सोसतं आणि मग फळ मिळतं. नववीत सोडलेलं मूल सगळा खर्च करून फळाच्या हातभर अंतरावरून परत फिरतं. म्हणूनच आठवी ते दहावी ही तीन वर्षं सगळ्यात जास्त जपावी लागतात.

मधल्या काळात काहीच मिळत नाही असं मात्र नाही. पाचवी-सहावीतलं मूल वजनकाट्याची पावती वाचू शकतं. भरलेली गाडी ३,६४० किलो, रिकामी ९८० किलो, म्हणजे ऊस २,६६० किलो, म्हणजे २.६६ टन, म्हणजे ३६६ च्या दराने ९७३ रुपये ५६ पैसे. वजावट धरली असेल तर किती आणि कशाची, हा पुढचा प्रश्न. रोजची पावती एका वहीत चिकटवून शेजारी खर्ची लिहिली तर हंगाम संपताना मुकादमाच्या वहीशी ताडून बघायला दुसरी वही असते. बहुतेक टोळ्यांत वही एकच असते, आणि ती मुकादमाची. दुसरी वही निघाल्याने भांडणं होतीलच असं नाही. बऱ्याचदा बाकी सांगताना समोरचा जरा जपून बोलतो, एवढा फरकही पुष्कळ आहे.

पुढचा पैसा आठवीत. राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा, म्हणजे एनएमएमएस. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळेतल्या, सातवीला ५५ टक्के असलेल्या (अनुसूचित जाती-जमातीसाठी ५० टक्के) आणि साडेतीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांसाठी. पेपर दोन, बौद्धिक क्षमता आणि शालेय क्षमता, प्रत्येकी ९० प्रश्न. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, चार वर्षांचे ४८,०००. आता मेख अशी की फॉर्म पावसाळा सरता सरता भरायचा असतो आणि परीक्षा साधारण डिसेंबरात येते. म्हणजे जिच्यासाठी ही शिष्यवृत्ती आहे ती मुलगी परीक्षेच्या दिवशी बहुतेक फडावर असते. शिक्षकाने फॉर्म सुटताच भरून ठेवणं आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तिला गावात आणायची जबाबदारी एका नावानिशी माणसावर टाकणं, एवढ्यावर ४८,००० रुपये अवलंबून असतात.

मिळाल्यावरही ती दोन ठिकाणी अडते. दर वर्षी ऑनलाइन नूतनीकरण करावं लागतं, दहावीच्या गडबडीत ते राहतं. आणि पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात. खातं मुलीचं, पण आधार दुसऱ्याच बँकेच्या खात्याला जोडलेलं, किंवा दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून खातं निष्क्रिय. आधारवर "कांताबाई", शाळेत "कांता", एवढ्यावरही रक्कम परत जाते. बँकेत जाऊन "आधार सीडिंग कुठल्या खात्याला आहे" हा एकच प्रश्न विचारायचा, तोही फॉर्म भरण्याआधी.

मुलीचं लग्न आणि जोडी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीड जिल्ह्यात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर होतं. यामागे परंपरा आहेच, पण उचलीचं गणितही आहे. एकट्या पोराला पूर्ण कोयत्याची उचल मिळत नाही, जोडीला मिळते. म्हणून पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न, लग्नाचा खर्च नव्या जोडीच्या उचलीतून, आणि ती उचल फेडायला नवी जोडी फडावर. वर्षभरात झोळी. पाच-सात वर्षांत त्या झोळीपाशी बसायला दुसरी मुलगी.

दहावीच्या वर्गात आणि वसतिगृहात असलेल्या मुलीचं लग्न ठरवणं अवघड जातं. ती डोळ्यांसमोर नसते, परीक्षा तोंडावर असते आणि शाळेतली गैरहजेरी लगेच दिसते. अशा रीतीने लग्न तीन-चार वर्षं पुढे गेलं तरी पहिलं बाळंतपण विशीच्या उंबरठ्यावर येतं, आई-बाळाच्या तब्येतीत फरक पडतो आणि दवाखान्याची उचल टळते. लग्न होतंय अशी कुणकुण लागली तर १०९८ वर कळवता येतं. खेड्यात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे पुष्कळ गावांत ग्रामसेवकालाच आठवण करून द्यावं लागतं.

बारावीनंतर मुलींसाठी एएनएमचा दोन वर्षांचा आणि जीएनएमचा तीन वर्षांचा नर्सिंगचा अभ्यासक्रम हा कमाईकडे जाणारा सरळ रस्ता आहे. २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल गटातल्या मुलींना बऱ्याच व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क पूर्ण माफ झालं आहे. प्रवेश घेण्याआधी आपलं कॉलेज आणि अभ्यासक्रम त्या यादीत आहे का, हे लेखी विचारून घ्यावं.

दहावीनंतर कुठे

इथे आमचं मत जरा उलट्या बाजूचं आहे. गावात दहावी-बारावी झालेल्या पोरांपुढे बहुधा एकच स्वप्न असतं, पोलीस भरती. पहाटे सडकेवर धावणारी पोरं आणि अकादमीची फी. २०२४ च्या भरतीत सुमारे १७ हजार जागांसाठी १७ लाखांवर अर्ज आले होते. शंभरात एक. उरलेल्या नव्व्याण्णवांनी तयारीत घालवलेली तीन-चार वर्षं घराला परत मिळत नाहीत, आणि बाप तोवर फडावरच असतो.

बाकी अंगावर असलेल्या घराला लवकर येणारा, थोडा पण नियमित पैसा लागतो. सरकारी आयटीआय त्यासाठी बरा. इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षं, वेल्डर एक वर्ष. प्रवेशाचे अर्ज दहावीच्या निकालानंतर लगेच ऑनलाइन निघतात. नंतर वाळूज, शेंद्रा, रांजणगाव, चाकणच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवारी, तिथे विद्यावेतन मिळतं. एक गोष्ट आधीच हिशेबात धरा: एनएमएमएसची शिष्यवृत्ती नववी ते बारावीच्या शाळेसाठी आहे, आयटीआयला गेलं की ती थांबते. आणि दहावीला एखादा विषय राहिला तर जून-जुलैची पुरवणी परीक्षा सोडू नका. शाळाच सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. दहावी नापास होऊन घरी बसलेलं मूल हा घरासाठी सगळ्यात तोट्याचा सौदा: खर्च झाला, कसब आलं नाही, आणि कोयत्याचा हातही बसला नाही.

आता सुरुवातीच्या बाकीकडे या. ४७,८०० रुपये. कामाला लागलेल्या मुलाने महिन्याला ४,००० घरी पाठवले तर वर्षाचे ४८,००० होतात. पगार किती का असेना, एवढी रक्कम हंगामात राहणारी बाकी भरून काढते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हे पैसे जून ते सप्टेंबरमध्येही येतात, जेव्हा पेरणी, दवाखाना आणि शाळेच्या वह्यांसाठी घरात रोकड नसते आणि म्हणूनच उचल घेतली जाते. पुढच्या वर्षी लाखाऐवजी पन्नास हजारांची उचल पुरते. त्याच्या पुढच्या वर्षी आई मागे राहू शकते. आई मागे राहिली की धाकटी शाळेत राहते. घर वर येतं ते बहुधा असं, एकेका हंगामाने.

यात गळतीही असते. पहिला पगार बहिणीच्या लग्नाच्या कर्जाला, दुसरा मोबाईलच्या हप्त्याला, असं झालं तर उचल तशीच राहते. नोकरी लागल्यावरचे पहिले बारा महिने ठरावीक रक्कम बाकीकडेच वळवायची, हे मुलगा निघण्याआधी घरात बसून ठरवलेलं बरं. आणि थोरल्या मुलालाच सगळं शिकवून मुलींना फडावर न्यायचं, हेही होतं. अशा घरात पगार एक येतो, पण पुढच्या पिढीत कोयता पुन्हा जुळतो.

दाखल-खारीज रजिस्टर

शिकणारं पहिलं मूल पगाराआधी घराला एक गोष्ट देतं, तिची मोजदाद कुठेच होत नाही. ती म्हणजे शाळेच्या रजिस्टरातली ओळ.

ऊसतोडीतली बरीच घरं भटक्या-विमुक्त, इतर मागास किंवा अनुसूचित जातींतली आहेत. वसतिगृह, शुल्कमाफी, व्यावसायिक प्रवेश यांसाठी जातीचा दाखला लागतो, पुढे त्या दाखल्याची पडताळणी, म्हणजे जात वैधता, लागते. त्यासाठी ठरावीक तारखेआधीचा पुरावा मागतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. सगळ्यात चालणारा पुरावा म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलमध्ये जुनं कोतवाल बुक शोधा, त्यात मोडी लिपीतली जन्म-मृत्यूची नोंद, मग तिचं लिप्यंतर. दोन-तीन महिने आणि अनेक हेलपाटे. बारावीनंतरचा प्रवेश कितीदा तरी इथेच हुकतो, गुणांवर नाही.

म्हणून पहिलीत नाव घालताना पाच मिनिटं जास्त द्या. जन्मदाखल्यावरचं पूर्ण नाव, आईचं नाव, जात आणि पोटजात जशी जातीच्या दाखल्यावर आहे तशीच. जन्मतारीख खरी सांगा. मागच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण गुरुजींनी शाळा भरायच्या महिन्यावरून तो बसवला. नावातली चूक दहावीच्या प्रमाणपत्रावर गेल्यावर दुरुस्त करायला फार पळावं लागतं, पहिलीत मुख्याध्यापकांसमोर ती तिथल्या तिथे होते.

अकरावीत गेल्याबरोबर वैधतेचा अर्ज टाका, बारावीच्या निकालाची वाट बघू नका. पहिल्या मुलाच्या वेळी कागद जमवायला वर्ष जाईल. धाकटीच्या वेळी वडिलांकडच्या रक्तनात्यातला पुरावा म्हणून भावाचंच वैधता प्रमाणपत्र, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि तिचा शाळेचा दाखला जोडायचा. मूळ प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून गावातच ठेवा, फडावर नेऊ नका. कोपीला आग लागली की पाचट आणि कागद एकदमच जातात.